तिसरा गिअर

जामुलची वस्ती मागे पडली आणि नंदिनीकडे जाणारा रस्ता मोकळा झाला, तेव्हा देवाजी नंदेश्वरांनी नेहमीसारखा वेग वाढवला. गाडीनं दुसऱ्यातून तिसऱ्या गिअरमध्ये जायचं होतं. पण इंजिन एकदम ओरडायला लागलं आणि गाडी मात्र मंदावत गेली. मागून चुनखडीचा ट्रक हॉर्न वाजवत अगदी अंगावर आला. देवाजींनी पाय उचलला तेव्हा कुठे खालून एक धक्का बसला, गिअर पडला आणि गाडी पुन्हा ओढायला लागली. ट्रकवाला खिडकीतून काहीतरी बोलून पुढे गेला.

अहिवाऱ्याला पोचेपर्यंत तसं आणखी दोनदा झालं.

गाडी ऑटोमॅटिक होती. तिला क्लच नाही, हातानं गिअर टाकायचे नाहीत, गिअर ती आपणच बदलते. आता अशा गाड्या लोक हौसेनं घेतात. देवाजींनी घेतली तेव्हा त्यांच्यापुढे दुसरा इलाज नव्हता. ते भिलाईच्या पोलाद कारखान्यात शंटिंगवर होते. एके दिवशी वॅगन जोडताना त्यांचा डावा पाय रुळावर सापडला आणि घोट्याच्या वरून कापावा लागला. नकली पाय बसवल्यावर त्यांना चालता यायला लागलं, पण क्लच दाबणं जमेना. सेक्टर दहामधल्या एका साहेबांची बदली झाली, तेव्हा त्यांची ही चंदेरी गाडी देवाजींनी घेतली. ती चालवायला उजवा पाय पुरत होता. कोहक्यातल्या त्यांच्या गल्लीत लोक क्लच नसलेली गाडी पाहायला येत आणि खाली वाकून खात्री करून घेत.

त्या गोष्टीला आता खूप वर्षं झाली होती. देवाजी रिटायर झाले. त्यांची बायको पंचफुला वारली. घरात मुलगा अतुल आणि सून साक्षी होती. अतुल रोज रायपूरला नोकरीला जायचा आणि साक्षी शाळेत शिकवायची. देवाजींना कुठे जायचं असलं, की दोघंही म्हणत, "पप्पा, आम्ही सोडतो ना." पण रविवारी सकाळी देवाजी एकटेच निघत. "कृष्णरावकडे जाऊन येतो," असं सांगत.

कृष्णराव त्यांचे शंटिंगमधले जुने सोबती. रिटायर झाल्यावर अहिवाऱ्यात घर बांधून राहिले होते, हे खरं होतं. पण दोन वर्षांमागे ते मुलाकडे पुण्याला गेले होते, आणि हे देवाजींनी घरी कधी सांगितलं नव्हतं.

अहिवाऱ्यात ते सुजाता गोंडाणेंकडे जात.

सुजाताबाई तिथल्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. नवरा लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेला, मूलबाळ नव्हतं. नोकरी संपल्यावरही त्या दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात तिथंच राहिल्या. अख्खं गाव त्यांना सिस्टर म्हणायचं. जामुलच्या विहारात बुद्धजयंतीला देवाजींची आणि त्यांची ओळख झाली. देवाजी जेवणाच्या पंगतीतून उठत होते. ही बाई जवळ आली आणि हळूच म्हणाली, "भाऊ, तुमच्या पायातला मोजा बदलायले झाला. तुमी तिरपे चालून राहिले." नकली पायाच्या आत घालायचा मोजा खरंच विरला होता. घरात कोणाच्या ते लक्षात आलं नव्हतं.

त्या दिवशी त्यांनी तिला अहिवाऱ्यापर्यंत सोडलं. मग पुढच्या रविवारी मोजा बदलला हे सांगायला गेले. मग रविवारच ठरून गेला. सुजाता दाराला कडी घालून पुढच्या सीटवर येऊन बसायची. गाडीतून नंदिनीकडे एक चक्कर, टपरीवर चहा, येताना भाजी. वाटेत ती सांगायची, या घरातला पोरगा रात्री पावसात कंदिलाच्या उजेडात झाला, त्या घरातली जुळी होती. देवाजी ऐकायचे. सुरुवातीला ती त्यांना देवाजीभाऊ म्हणायची. मग कधीतरी तिनं 'भाऊ' सोडलं आणि त्याच्या जागी काहीच घातलं नाही. "ऐकलं का," एवढंच म्हणायची. देवाजींना ते समजलं होतं. तेही अजून तिला सिस्टरच म्हणत, कारण दुसरं काही म्हणायचं तर आधी बरंच काही बोलावं लागलं असतं.

"आज गाडी रडून राहिली," त्या रविवारी सुजाता म्हणाली. चक्कर न मारता ते टपरीवरूनच परत फिरले होते.

"तिसरा गिअर सुटून राहिला. सुपेल्यात दाखवतो."

"दाखवा. रस्त्यात फसाल कुठंतरी."

परत येताना देवाजींनी दांडा दोनच्या खुणेवर ठेवला, म्हणजे गाडी दुसऱ्या गिअरच्या वर जाणार नाही, आणि हळूहळू कोहका गाठलं.

सुपेल्याच्या मेकॅनिकनं गिअरबॉक्सचं तेल बदललं आणि आता बिनधास्त चालवा म्हणाला. पुढच्या रविवारी जामुलच्या अलीकडेच गाडी थांबली. इंजिन चालू, गिअर टाकलेला, पाय दाबला तरी गाडी जागची हलेना. दोघातिघांनी ढकलून ती कडेला घेतली. देवाजींनी तिथूनच फोन लावला.

"आज येणं होत नाई, सिस्टर. गाडी बसली."

"तुमाले काही लागलं नाई ना?"

"नाई."

"मी भज्याचं भिजवून ठेवलं होतं," ती म्हणाली. मग जरा थांबून, "बरं. खाऊन घेते मी."

ज्यांनी गाडी ढकलली त्यातल्या एकानं प्रफुल शेंडेचं गॅरेज सांगितलं. ते जामुलमध्येच, रस्त्यापासून थोडं आत होतं. प्रफुल नागपूरला बरीच वर्षं ऑटोमॅटिक गाड्यांच्या कामावर होता आणि वडील आजारी पडले म्हणून परत आला होता. माणूस बोलका होता. त्यानं तेल मोजायची पट्टी ओढून बाहेर काढली, नाकाशी नेली आणि देवाजींच्या नाकाशीही धरली. करपल्यासारखा वास होता.

"काका, तेल बदलून काही होत नाई इथं. आतल्या प्लेटा जळल्या. बाजूनं तेल पाझरत होतं, तेल अडवणारं सील म्हातारं झालं. तेल कमी तं दाब कमी. दाब नाई तं प्लेटा एकमेकीले पकडत नाई, नुसत्या घासतात. म्हणून इंजिन पळते आणि गाडी उभी राहते."

"होईल ना पण?"

"होईल नाई तं काय? गिअरचा डब्बा उतरवावा लागते. प्लेटा दिल्लीहून मागवू. आठ दिवस धरा."

देवाजी रिक्षानं घरी आले. संध्याकाळी अतुलनं सगळं ऐकून घेतलं.

"पप्पा, विकून टाका आता. कितना खींचोगे? नवीन ऑटोमॅटिक घेऊ ना आपण. आता सगळ्याच कंपन्या बनवतात. दिवाळीले बुक करू."

"दिवाळीले लय वेळ आहे."

"तोपर्यंत मी नेतो ना तुमाले. कृष्णराव काकाकडेच जायचं ना? या रविवारी मीच नेतो. मलेही भेटायचं आहे त्यांले."

"नको," ते म्हणाले. "त्याची तब्येत बरी नाई. गाडी दुरुस्त होऊ दे."

"अरे, तब्येत बरी नाई तं जायलाच पाह्यजे ना!"

"नको म्हटलं ना अतुल."

साक्षी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं सासऱ्यांकडे एकदा पाहिलं आणि अतुलला पोळ्या थंड होत असल्याचं सांगून आत बोलावलं.

आठ दिवसांचे पंधरा झाले. प्लेटा आल्या तेव्हा सील यायचं राहिलं होतं. देवाजी दुपारी घर रिकामं असताना सुजाताला फोन करत. फोनवर तिला बोलता येत नसे. समोर असली की वाटेतल्या प्रत्येक दाराची गोष्ट सांगणारी बाई फोनवर हाव आणि नाई एवढंच म्हणायची. मग देवाजीच बोलत. गिअरबॉक्स उतरवला. आतून काळा गाळ निघाला. प्लेटा दिल्लीहून निघाल्या. ती ऐकून घ्यायची आणि शेवटी विचारायची, "मंग कधीपर्यंत होते म्हणे?"

फोन ठेवला की देवाजी बराच वेळ तसेच बसून राहत. कोहक्याची गल्ली दुपारी रिकामी असे. नंदिनी रोडवर आज काय चाललं असेल, टपरीवाल्यानं ताडपत्री बदलली असेल का, ती भाजी आणायला पायीच जात असेल का, हे सगळं त्यांच्या डोळ्यांपुढे येई. या वयात एखाद्या रस्त्याची इतकी आठवण यावी, याची त्यांना थोडी लाजही वाटे.

एका दुपारी तिनंच फोन केला. असं ती कधी करत नसे.

"गोंदियाहून भावाचा फोन होता. वच्छलावहिनीले लकवा मारला. उजवं अंग गेलं."

"अरे बाप्पा."

"तो एकटा आहे. पोरगी दुबईत. म्हणते, तूच ये ताई. तुले हे काम येते."

देवाजींनी फोन दुसऱ्या कानाला धरला.

"गाडी झाली की या," ती म्हणाली. "मंग बोलू."

दुसऱ्या दिवशी सकाळी साक्षी शाळेत गेल्यावर देवाजी घराबाहेर पडले. नंदिनी रोडवर त्यांनी अहिवाऱ्याची बस थांबवली. बसची पायरी उंच होती. वर चढताना कंडक्टरनं हात दिला, पण आत बसायला जागा नव्हती. कामगार, बाया, पोती. देवाजी दांडा धरून उभे राहिले. प्रत्येक ब्रेकला सगळा भार डाव्या पायावर येई आणि नकली पायाच्या आत कापलेली जागा घासली जाई. अर्ध्या वाटेवर तिथं ओलं लागायला लागलं. जामुल आलं तेव्हा डोळ्यांपुढे अंधारी आली. गर्दीबरोबर ते खाली उतरले आणि बस पुढे गेली.

ते हळूहळू प्रफुलच्या गॅरेजमध्ये गेले. प्रफुलनं खुर्ची पुसून दिली. चंदेरी गाडी पुढून वर उचललेली होती आणि गिअरबॉक्स टेबलावर उघडा पडला होता. जळालेल्या प्लेटा एका तारेत ओवून ठेवल्या होत्या. गोल, पातळ, पितळी थाळीएवढ्या, आणि जिथं खरबरीत असायला पाहिजे तिथं काचेसारख्या गुळगुळीत झालेल्या.

"सील आज रात्रीच्या गाडीनं येऊन राहिलं," प्रफुल म्हणाला. "पण तुमी कशाले आले काका? मी फोन केला असता."

"इकडे काम होतं," देवाजी म्हणाले.

बसमधून जामुलपर्यंत आलो होतो, हे त्यांनी सुजाताला सांगितलं नाही.

सील आलं. डब्बा बसवला. प्रफुलनं फोन करून बोलावलं. देवाजी स्टिअरिंगवर बसले, प्रफुल शेजारी. पहिला गिअर बरोबर पडला. दुसराही पडला. तिसऱ्याला इंजिन पुन्हा ओरडलं आणि गाडी पुन्हा सुटली.

प्रफुलचा चेहरा पडला. डब्बा पुन्हा खाली उतरला. दुसऱ्या दिवशी त्यानंच सांगितलं, "चूक माझी आहे काका. सील बसवताना त्याची कड आत दुमडली. घाई केली मी. आता दुसरं मागवलं."

"किती दिवस?"

प्रफुलनं या वेळी दिवस सांगितले नाहीत.

त्याच संध्याकाळी सुजाताचा फोन आला. घर सोडून राहिली, म्हणाली. भांडीकुंडी शेजारच्या मैनाबाईकडे ठेवली. गुरुवारी दुपारच्या गाडीनं गोंदिया. "तुमची गाडी काही होत नाई वाटते," ती म्हणाली, आणि देवाजींना वाटलं, ती हसायचा प्रयत्न करत असावी.

बुधवारी सकाळपासून देवाजी गॅरेजमध्ये जाऊन बसले. प्रफुलला त्यांनी कारण सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, "उद्या एका माणसाले स्टेशनले सोडायचं आहे." प्रफुलनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि दुसऱ्या गाडीचं काम बाजूला ठेवलं. दुपारी डब्बा बसला. नवं तेल भरलं. ते सिमेंट कारखान्याच्या भिंतीला लागून निघाले. पहिला. दुसरा. तिसरा कधी पडला, ते कळलंसुद्धा नाही. फक्त इंजिनाचा आवाज उतरला आणि गाडी सरळ धावायला लागली.

"पाह्यलं?" प्रफुल ओरडला. "लोण्यावानी!"

देवाजींनी मान हलवली.

गुरुवारी ते अहिवाऱ्याला गेले. सुजाता दारातच उभी होती, पायाशी एक बॅग आणि एक पिशवी. तिनं गाडी येताना पाहिली आणि पदर तोंडाशी नेला. मैनाबाईनं बॅग मागच्या सीटवर ठेवली. अहिवारा मागे पडलं. शेतं, खाणीकडे जाणारे ट्रक, नंदिनीचं वळण. खिडकीची काच खाली होती.

"छान चालून राहिली गाडी," सुजाता म्हणाली.

"हाव."

"आवाजही नाई आता."

"नाई."

जामुल गेलं. दुर्ग स्टेशनपर्यंत जेमतेम तासाभराचा रस्ता होता आणि त्यातला बराच संपला होता. देवाजींना गाडी हळू चालवाविशी वाटत होती, पण मागून ट्रक येत होते.

"सुजाताबाई," ते म्हणाले. हे नाव त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच आलं होतं. "नका जाऊ."

ती खिडकीबाहेर पाहतच बोलली. तिचा आवाज शांत होता, पण त्यात राग होता.

"रोज फोन करत होते तुमी. प्लेटा आल्या, सील दुमडलं, सगळं सांगतलं. हे नाई सांगतलं."

"फोनवर कसं सांगू?"

"मंग मले बोलवायचं. अहिवाऱ्याहून बस येते. मी काही म्हातारी नाई झाली. इतक्या दिवसांत एकदाही म्हटलं नाई, सिस्टर, माझ्या घरी या. गाडी बंद पडली आणि सगळंच बंद पडलं. मले वाटलं, हे गाडीचंच निमित्त होतं. गाडी नाई तं माणूस नाई."

घरी बोलवायचं म्हणजे अतुलला सांगायचं. पंचफुलाच्या फोटोखालच्या खुर्चीवर हिला बसवायचं आणि ही कोण, ते तोंडानं बोलायचं. दोन वर्षं ते हेच टाळत आले होते. दर रविवारी गाडीत बसून ते टाळता येत होतं.

"आलो होतो मी," ते शेवटी म्हणाले. "बसनं. जामुलपर्यंत."

सुजातानं मान वळवली.

"कधी?"

"तुमी वहिनीचं सांगतलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी. पुढे उभं राहवलं नाई. उतरलो."

"मले सांगतलं कावून नाई?"

"पोचलो असतो तं सांगतलं असतं."

तिनं त्यांच्या डाव्या पायाकडे पाहिलं. मग म्हणाली, "पाय कसा आहे?"

"बरा आहे."

"खोटं बोलून राहिले."

दुर्ग स्टेशनवर रेल्वेगाडीला अजून वेळ होता. हमालानं बॅग प्लॅटफॉर्मवर नेऊन ठेवली. सुजातानं देवाजींना एका बाकावर बसवलं आणि स्वतः खाली, बॅगेला टेकून बसली. "काढा," ती म्हणाली.

"इथं?"

"मंग कुठं? गोंदियात?"

पंचफुला गेल्यापासून देवाजींनी हा पाय कोणासमोर काढला नव्हता. अतुलसमोरसुद्धा नाही. समोरून लोक येत-जात होते, एक बाई पोराला ओढत नेत होती, चहावाला ओरडत होता. त्यांनी पँट वर केली आणि पट्टा सोडला. सुजातानं नकली पाय हातात घेऊन बाजूला उभा ठेवला. मोजा हळूच उतरवला. खाली कातडं सोललेलं होतं आणि कडेनं लाल झालेलं होतं. तिनं तोंडानं च्च केलं. पिशवीतून कापूस काढला, औषध काढलं, आणि जखम पुसायला लागली. तिची बोटं थंड होती. देवाजी तिच्या डोक्यावरच्या पांढऱ्या भांगाकडे पाहत राहिले.

"आठ दिवस हा पाय घालून फिरायचं नाई," ती म्हणाली.

"आणि गाडी?"

"गाडीले हा पाय कुठं लागते?"

मग तिनंच पट्टी बांधली, गाठ मारली आणि वर न पाहता म्हणाली, "मी परत येईन, असं सांगत नाई. वहिनी उठून बसेपर्यंत तं नाईच. आणि ते कधी, कोणाले माहीत. भाऊ माझा साधा आहे, त्याले पाणीसुद्धा गरम करता येत नाई."

"मी येऊ का तिकडे?"

"विचारून राहिले का सांगून राहिले?"

"सांगून राहिलो," ते म्हणाले.

गाडी आली. डब्यात चढल्यावर ती खिडकीशी बसली आणि जाळीला हात लावून ठेवला. देवाजी एका पायावर, बाकाचा आधार घेऊन उभे होते. चालता येत नव्हतं म्हणून त्यांना खिडकीपर्यंत जाता आलं नाही. गाडी हलली, डबे एकामागून एक समोरून गेले, आणि प्लॅटफॉर्म मोकळा झाला. ते खाली बसले. नकली पाय शेजारी तसाच उभा होता. तो पुन्हा चढवायला त्यांना बराच वेळ लागला.

त्या रात्री जेवताना त्यांनी सांगितलं. आडवळण घेतलं नाही. कृष्णराव पुण्याला गेल्याला दोन वर्षं झाली, मी रविवारी कोणाकडे जात होतो, ती कोण आहे, ती आज गेली.

अतुलचा घास हातातच राहिला. "म्हणजे... दो साल?" तो म्हणाला. "आमाले सांगतलं का नाई पप्पा? आम्ही कोणी परके आहो का?"

"भीती वाटली."

"कशाची?"

"तुह्या तोंडाची. आता जसं झालं ना, तशाची."

अतुल उठून हात धुवायला गेला. बराच वेळ नळ वाहत राहिला. साक्षी म्हणाली, "मले माहीत होतं, पप्पा. कृष्णराव काकांच्या सूनबाईचा फोन आला होता मागं. त्या पुण्याहूनच बोलत होत्या." आणि तिनं त्यांच्या ताटात भाजी वाढली.

अतुल दोन दिवस फारसं बोलला नाही. तिसऱ्या दिवशी ऑफिसला निघताना दारातून म्हणाला, "नाव काय म्हणाले त्यांचं?" देवाजींनी सांगितलं. अतुलनं मान हलवली आणि बूट घातले. त्यावर आणखी काही झालं नाही. पण आईच्या फोटोला त्यानं त्या रविवारी नवा हार आणला, आणि तो देवाजींच्याच हातानं घालायला लावला. ही शिक्षा होती की परवानगी, ते देवाजींना कळलं नाही. त्यांनी हार घातला आणि पंचफुलाच्या चेहऱ्याकडे पाहत उभे राहिले. तिचीही आठवण येतच होती. एकीमुळे दुसरीची कमी होत नव्हती, हे त्यांना आता नव्यानं समजत होतं.

जखम भरली. थंडी पडली. रविवारी सकाळी त्यांची नजर घड्याळाकडे जायची आणि मग लक्षात यायचं की अहिवाऱ्यात आता कोणी नाही. एकदा ते सवयीनं नंदिनीपर्यंत जाऊनही आले. टपरीवाल्यानं विचारलं, "सिस्टर कहाँ?" चहा अर्धा ठेवून ते उठले.

दुसऱ्याच दिवशी ते प्रफुलकडे गेले. "गोंदियापर्यंत नेऊ का हिले?"

प्रफुलनं गाडी पुढेमागे केली, खाली वाकून पाहिलं, पट्टी काढून तेलाचा वास घेतला. "न्या. देवरीच्या जंगलात चढ आहे, तिथं दामटू नका. राजनांदगाव सुटलं की थोडं थंड होऊ द्या, मंग पुढे." पुढे काही विचारावंसं त्याला वाटलं असावं, पण त्यानं विचारलं नाही.

ते पहाटे निघाले. राजनांदगावच्या पुढे चहा घेतला. बाघनदीला राज्य संपलं आणि दुकानांवरच्या पाट्या मराठी झाल्या. देवरीच्या जंगलात चढावर गाडीनं एकदा गिअर उतरवला, पुन्हा चढवला, आणि कुठेही सुटली नाही. आमगावला रस्ता विचारला. दुपारी ते गोंदियात एका लहानशा घरापुढे थांबले. अंगणात बाज होती, तुळशीऐवजी गवती चहा लावलेला होता.

सुजाता बाहेर आली. हात ओले होते. ती वाळली होती. तिनं देवाजींकडे पाहिलं, मग गाडीकडे, मग पुन्हा देवाजींकडे.

"एकटे आले?"

"हाव."

"थांबा जरा. वहिनीचं आंघोळीचं चालू आहे."

ते बाजेवर बसून राहिले. तिच्या भावानं पाणी आणून दिलं, जय भीम केला, आणि काय बोलावं हे न सुचून गाडी किती वर्षांची, ते विचारलं. आतून पाण्याचा आवाज येत होता, सुजाता कोणाला तरी लहान मुलाशी बोलावं तसं बोलत होती. देवाजींनी दोन महिने या भेटीत काय बोलायचं ते ठरवलं होतं. त्यातलं काहीच बोलणं झालं नाही. जेवण झालं, वच्छलावहिनींना औषध झालं, त्यांची कूस बदलून झाली, कपडे वाळत घालून झाले. दुपार कलली.

"चालवायची वेळ झाली यांची," सुजाता म्हणाली. "रोज एकीकडून मी धरते, एकीकडून भाऊ. तो आता दुकानात गेला. तुमी धराल का?"

"मी? माझाच पाय..."

"म्हणूनच म्हणते. पडायची भीती काय असते, ते तुमाले ठाऊक आहे. तुमी त्यांले पडू देणार नाई."

देवाजी उठले. वच्छलावहिनींच्या डाव्या बाजूला ते आणि उजव्या बाजूला सुजाता. अंगणाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तिघं अगदी हळू चालले. वहिनींचा पाय फरफटत होता. देवाजींनी त्यांना सांगितलं, "खाली पाहू नका. समोर पाहा. पाय आपोआप येते मागून." हेच त्यांना भिलाईच्या दवाखान्यात कोणीतरी शिकवलं होतं. वहिनींनी मान वर केली. तोंड वाकडं होतं, पण त्या हसल्या असाव्यात. सुजाता त्यांच्या पाठीमागून देवाजींकडे पाहत होती.

"पुढच्या वेळेस दोन दिवस काढून या," ती म्हणाली. "भावाले मी सांगून ठेवते."

"काय सांगता?"

"सांगीन काही. खोटं नाई सांगणार."

अंधार पडायच्या आत देवाजींना देवरीचं जंगल ओलांडायचं होतं. वहिनींना बाजेवर टेकवता येईना, त्यांना अजून चालायचं होतं. त्या हट्ट धरून उभ्याच राहिल्या. म्हणून देवाजी एकटेच गाडीपाशी गेले. गाडी सुरू केली. गल्ली अरुंद होती, मागे घेऊन वळवायला वेळ लागला. वळवून झाल्यावर त्यांनी अंगणाकडे पाहिलं. सुजाता दोन्ही हातांनी वहिनींना धरून उभी होती. तिला हात हलवता येत नव्हता, म्हणून ती नुसती पाहत राहिली. देवाजीही थोडा वेळ पाहत राहिले, मग त्यांनी ब्रेक सोडला.